कुलाब्याचा किनारा आणि आपल्या अल्बममधील छायाचित्रे



आपल्या आडनावांची यादी मोठ्याने वाचली, तर जुन्या कुलाबा जिल्ह्याचा नकाशा वाचल्यासारखे होते. किहिमकर, झिराडकर, चेऊलकर, पेझारकर, पेणकर, रोहेकर, तळकर. वाडवडिलांनी जे गाव सोडले ते त्यांनी नावाला बांधून घेतले. ते नाव घेऊन ते मुंबईला गेले आणि आपण मुंबईहून लोदला, दिमोनाला, अश्दोदला आलो. परंतु याच घरांतील अल्बम उघडून पाहिले तर निराळेच चित्र दिसते. गेल्या काही वर्षांत आपल्या सभास्थानातील कुटुंबांचे सुमारे चाळीस अल्बम मी पाहिले. त्यांत लग्ने आहेत, मेंदीच्या रात्री आहेत, मलिद्याची ताटे आहेत, विमानतळावरचे निरोप आहेत. ज्या गावाचे नाव आपण दररोज सही करताना लिहितो, त्या गावाची वाळू, विहीर, वाडी मात्र बहुतेक अल्बमांत नाही. उलट अलिबाग, किहीम, नागाव, रेवदंडा या किनाऱ्यांची देखणी चित्रे आज जगात हवी तेवढी आहेत. त्यांत आपण नाही, आणि खरे पाहता तेथे राबणारे दुसरेही कोणी फारसे नाही. किनारा आणि किनाऱ्यावरचा माणूस यांची ही ताटातूट कशी झाली, हा आजच्या बोलण्याचा विषय आहे.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. अश्दोद बंदरात मालाच्या नोंदी करण्यात माझी तीस वर्षे गेली. नोंदी करणाऱ्या माणसाला एक खोड लागते. समोर काय आले याच्याइतकेच काय यायचे राहिले, याकडेही तो पाहतो.

मुंबईत छायाचित्रणाची कला फार लवकर पोहोचली. १८५४ साली ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या सभासदांत होते. १८५६ पासून विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन या दोघांनी ‘इंडियन ॲमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ नावाची चित्रमालिका काढली. छपाईची सोय नसल्याने तिच्यात प्रत्यक्ष छायाचित्रे चिकटवलेली असत. त्या मालिकेत पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या लोकांची चित्रे आहेत आणि त्यांतील एका चित्राखाली ‘बेने इस्राएल’ असे लिहिलेले आहे. आपल्या समाजाच्या अगदी आरंभीच्या छायाचित्रांपैकी ते एक होय. मालिकेची रीत अशी, की चित्राखाली जमातीचे नाव यावे, माणसाचे येऊ नये. तेव्हा ती कोणाची आजी, कोणाचे पणजोबा, हे चित्राकडून आपल्याला कळत नाही.

पुढे जॉन्सनने १८६३ आणि १८६६ साली मुंबईतील लोकांविषयी दोन मोठे खंड प्रसिद्ध केले. त्यांतील पुष्कळ चित्रे जोडचित्रे आहेत. माणसे स्टुडिओत उभी करून टिपायची, देखावा वेगळा टिपायचा, मग माणसे कापून देखाव्यावर बसवायची आणि त्याचे पुन्हा एक चित्र काढायचे. आज मुले मोबाईलवर हाच उद्योग क्षणात करतात आणि आपण त्यांना हसतो. तो दीडशे वर्षांपूर्वीचा आहे. म्हणजे माणूस आणि त्याची जागा यांची ताटातूट आपल्याकडे छायाचित्रकलेच्या पाळण्यातच झाली.

यात कोणाचा दुष्टावा नव्हता. काचेची ओली पद्धत तशीच होती. काचेवर कोलोडियनचा थर द्यायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि ओली असतानाच अंधारात धुवायची. सगळे काम काही मिनिटांत उरकावे लागे. म्हणजे समुद्रावर जायचे तर अंधारा तंबू, बाटल्या, काचा आणि गोडे पाणी बरोबर हवे. शिवाय उजेड पडू देण्याला कित्येक सेकंद लागत, आणि तेवढ्यात लाट धुक्यासारखी पसरे, जाळे ओढणारा हात नाहीसा होई. निळ्या रंगाला ती काच फार हळवी असल्याने आकाश कोरे पांढरे पडे. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची जी गाजलेली चित्रे काढली, त्यांतील काहींत आकाश एका काचेवरचे आणि समुद्र दुसऱ्या काचेवरचा आहे. अशा स्थितीत किनाऱ्यावर कॅमेऱ्याला सोयीचे कोण? जे हालत नाही ते. किल्ला हालत नाही, पडके देऊळ हालत नाही, माडही वारा पडला तर स्थिर राहतो. कोळी, तेली, वाडीत शिंपणे करणारा माळी हे सगळे हालणारे लोक. ते चित्राबाहेर राहिले ते प्रथम या कारणाने, आणि तंत्र सुधारल्यावरही सवयीने.

१८८० नंतर कोरड्या काचा आल्या, मग फिल्म आली, १९०० साली स्वस्त ब्राउनी कॅमेरा आला. आता हालता माणूस टिपता येत होता. परंतु तोवर ‘सृष्टिसौंदर्य’ म्हणजे काय, याचा साचा ठरून गेला होता: वाकलेला माड, रिकामी वाळू, दूर एक शीड.

या साच्यात एक गोष्ट आपल्या किनाऱ्याच्या दिशेने भर घातली आहे, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. अलिबागचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. आपल्या अश्दोदचाही तसाच. सूर्य दोन्हीकडे समुद्रात मावळतो. पाहुणा किनाऱ्यावर येतो संध्याकाळी. तेव्हा सूर्य माणसाच्या पाठीमागे असतो आणि समोरचा माणूस काळी आकृती होतो. टोपली घेतलेली बाई, होडी ढकलणारे चार जण, पाण्याकडे जाणारे बैल, सगळ्यांच्या कडा सोनेरी आणि चेहरे काळे. अशी हजारो चित्रे आहेत आणि लोक त्यांना सुंदर म्हणतात. ती सुंदर आहेतही. पण त्यांत ओळखता येईल असा एकही माणूस नाही. किनाऱ्याचे काम चालते सकाळी. तेव्हा ऊन जमिनीकडून येते, थेट चेहऱ्यावर पडते. डोलीची मासळी उतरलेली असते, बायका बोंबील वलांडीवर टांगत असतात, जवळा वाळूत पसरत असतात. त्या वेळी पाहुणा झोपलेला असतो.

आता आपल्याकडे येऊ. आपले लोक फोटो काढायला जात ते मुंबईला, भायखळ्याला किंवा गिरगावात, स्टुडिओत. मागे पडदा असे. त्यावर युरोपातील जिना, तळे, कधी समुद्र रंगवलेला. एका अल्बममध्ये १९३० च्या आसपासचे एक जोडपे आहे. नवरा कोट-टोपीत, बायको नऊवारीत, आणि मागे पडद्यावर समुद्र. किहीमच्या वाळूत वाढलेली ती बाई, तिला खऱ्या समुद्रापुढे कोणी उभे केले नाही. रंगवलेल्या लाटांपुढे उभे केले. तिच्या नातीला मी हे बोलून दाखवले, तेव्हा ती म्हणाली, “काका, समुद्राकडे कोण फोटो काढतो? समुद्र तर रोजचाच होता.” याहून नेमके उत्तर मला कोणत्याही पुस्तकात मिळाले नसते.

रोजचे असते ते नोंदले जात नाही. आपल्या बाबतीत याच्याही पुढची एक अडचण आहे. १८८३ साली निघालेल्या कुलाबा-जंजिऱ्याच्या गॅझेटियरात आपल्या लोकांचे वर्णन आहे: तेल गाळणारे, शेती करणारे, शनिवार पाळणारे. गावकरी आपल्याला शनिवार तेली म्हणत ते याच खुणेवरून. इतर तेल्यांचा घाणा शनिवारी चाले, आपला बंद असे. आता या खुणेचे छायाचित्र काय काढणार? चालता घाणा काढला तर तो कोणत्याही तेल्याचा घाणा आहे. आणि ज्या दिवशी तो थांबलेला असे, बैल गोठ्यात, ढापणे खुंटीला, त्या दिवशी आपल्या घरात कोणी कॅमेरा हातात घेणार नाही. ज्या गोष्टीने दोन हजार वर्षे आपण स्वतःला ओळखले असे आपली परंपरा सांगते, ती गोष्ट चित्राच्या कक्षेतच येत नाही. दारफळणीचा सण, बिरड्याचा रोजा, शब्बाथचे जेवण, यांची जुनी चित्रे आपल्याकडे नाहीत, आणि नाहीत हेच आपले लोक पाळणारे होते याची साक्ष देते.

दावीद रहाबीची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. त्याने आपल्या बायकांपुढे मासळी ठेवली, आणि त्यांनी खवले-पर असलेली वेगळी केली, नसलेली बाजूला सारली. त्यावरून त्याने आपल्याला ओळखले. रहाबी कधी आला याविषयी विद्वानांचे एकमत नाही, तो वाद येथे नको. मला त्या गोष्टीत जागा दिसते. किनाऱ्यावरची सकाळ, ओली टोपली, निवडणारे हात. हाईम सॅम्युएल केहिमकर यांचा आपल्या समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहून झाला आणि तब्बल चाळीस वर्षांनी, १९३७ साली, तेल अवीवमध्ये छापून निघाला. ज्या कष्टाने त्यांनी या कथा वेचल्या, त्याच कष्टाने मासळी निवडणाऱ्या एखाद्या आजीचे एक चित्र कोणी काढून ठेवले असते तर! मासळी निवडण्याची ती रीत आमच्या घरी १९६० पर्यंत मी डोळ्यांनी पाहिली आहे. कोलंबीची टोपली दारापर्यंत येई आणि दारावरूनच पुढे जाई.

तरीही जी चित्रे आहेत, ती दिसतात त्यापेक्षा पुष्कळ बोलतात, फक्त त्यांना किनाऱ्याच्या भाषेत प्रश्न विचारावा लागतो. माझ्या नातवाला मी कुलाबा किल्ल्याची दोन चित्रे दाखवली. एकात भोवती पाणी आणि होड्या. दुसऱ्यात माणसे व घोडागाड्या वाळूवरून किल्ल्याकडे चाललेल्या. त्याने हे दोन किल्ले आहेत असे ठरवले. त्याचा दोष नाही. अश्दोदच्या समुद्राची भरती-ओहोटी अर्ध्या मीटरचीही नसते. आमच्याकडे उधाणाला पाणी चार मीटरहून अधिक चढते-उतरते. किनाऱ्यावरील जुन्या लोकांना भरतीचे गणित तोंडपाठ असे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला व अमावास्येला सव्वा अकराच्या सुमारास. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी.

हे गणित अल्बमला लावता येते. आपल्यातील एका घरी १९५० च्या दशकातील एक सुंदर चित्र आहे. सात-आठ मंडळी अलिबागच्या वाळूवर उभी, मागे किल्ला, आणि किल्ल्याकडे कोरड्या पायांनी चाललेले लोक. घरात सांगतात, हा पुरीमचा दिवस. आता चित्रातील सावल्या पाहा. पायाशी गोळा झालेल्या, म्हणजे भर दुपार. पुरीम येतो अदार महिन्याच्या चौदाव्या दिवशी, म्हणजे पौर्णिमेच्या तोंडाशी. त्या दिवशी साडेदहा-अकराच्या सुमारास पूर्ण भरती, आणि दुपारी बारा वाजता किल्ल्याभोवती पाणी असणार. कोरडी वाट भर दुपारी मिळते ती अष्टमीच्या आसपास. तेव्हा चित्र पुरीमनंतरच्या आठवड्यातील असावे, किंवा निराळ्याच सहलीचे. घरातील आजींना हे मी नम्रपणे सांगितले. त्यांनी ते अद्याप मान्य केलेले नाही.

आपला पंचांगाचा महिनाही चंद्राचाच आहे, हे या गणिताचे भाग्य. पेसाह नेहमी पौर्णिमेला येतो. म्हणजे आमच्या गावी सेदेरच्या संध्याकाळी दरवर्षी समुद्र ओसरलेला असे. सूर्य मावळायच्या आधी किल्ल्याची वाट मोकळी होई, आणि हगादा संपेपर्यंत पाणी पुन्हा चढलेले असे. मिसरमधून बाहेर पडल्याची कथा ज्या रात्री वाचायची, त्या रात्री दाराबाहेरच्या समुद्राचे असे वागणे आमच्या वडीलधाऱ्यांच्या ध्यानात आले नसेल, हे मला संभवत नाही. कोणी लिहून मात्र ठेवले नाही.

१९९२ मध्ये भारत आणि इस्राएल यांचे पूर्ण राजनैतिक संबंध जुळले. पुढच्या हिवाळ्यात, चोवीस वर्षांनी, मी गावी गेलो. बरोबर कॅमेरा आणि बारा रोल होते. अलिबागला मागेन आबोथच्या मशिदीत, रेवदंड्याला बेथ एलमध्ये प्रार्थना केली. पहिलीची स्थापना १८४८ ची, दुसरीची १८४२ ची. त्यांची चित्रे पुष्कळांनी काढली आहेत, मीही काढली. त्यांविषयी येथे अधिक बोलत नाही. मला हवे होते ते सकाळचे काम. पहाटे उठून बंदरावर गेलो. नागावला एका वाडीत रहाट अजून फिरत होता. बाकी सर्वत्र पंप आले होते. पांढऱ्या कांद्याच्या माळा ओसरीवर विणत बसलेली माणसे मी टिपली. पावसाळ्यासाठी माडाचे झाप विणून ठेवलेले होते, तेही.

एका कोळणीने मला हटकले. फोटो कशाला हवा, मासळी घ्या, असे तिचे म्हणणे. मी आडनाव सांगितले. तिने टोपली खाली ठेवली आणि म्हणाली, “म्हणजे तुम्ही शनवार तेली. तुमचा घाणा त्या गल्लीत होता.” आमच्या घराण्याच्या घाण्याची जागा मला माझ्या नातलगांपैकी कोणी दाखवू शकले नसते, ती तिने दाखवली. घाण्याचे उखळ एका नव्या बंगल्याच्या कुंपणालगत उलटे पडले होते, वर कुंडी ठेवलेली. त्याचे चित्र माझ्याजवळ आहे. मागे चार ओळी लिहिलेल्या नसत्या, तर पाहणाऱ्याला तो कुंडीखालचा दगड वाटला असता. त्या बाईचेही चित्र तिला विचारून काढले, आणि पुढच्या खेपेस तिची प्रत तिच्या हातात दिली. ज्याचा चेहरा आपण नेतो, त्याला तो परत पोहोचवावा, एवढा शिष्टाचार किनाऱ्यावर कॅमेरा घेऊन फिरणाऱ्याने पाळावा.

त्यानंतर किनारा झपाट्याने पालटला. २०२० च्या मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारींसकट नेणारी बोट सुरू झाली; मुंबई तासाभरावर आली. त्याच वर्षी ३ जूनला ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले. माडांची, पोफळींची आणि सुरूची झाडे आडवी झाली. पोफळ पुन्हा फळाला यायला पाच-सात वर्षे लागतात, माडाचेही तसेच. तेवढा धीर धरण्यापेक्षा जमीन विकणे सोपे असते. नागावच्या त्या वाडीवाल्याच्या मुलाने मला निरोप पाठवला, की १९९३ च्या चित्रांत त्यांची वाडी दिसते का. मी चार चित्रे पाठवली. त्याने चित्रावर बोट ठेवून झाडे मोजली आणि कोणते कोठे होते ते वडिलांना विचारून नवीन रोपे त्याच ओळींत लावली. माझ्या बारा रोलपैकी सर्वांत कमी देखणी चित्रे ती हीच. आकाश फिके, कडेला पंपाचा पाइप.

आपली मुले आता गावी जातात, नवगावच्या स्मारकापुढे उभी राहतात, टाप्यावर जातात, संध्याकाळी किनाऱ्यावर स्वतःचे चित्र काढून त्याच रात्री आम्हाला पाठवतात. जावेच. त्यांना एवढेच सांगतो, की एक दिवस पहाटे उठा, पाठ समुद्राकडे करा आणि गावाकडे पाहून चित्र काढा. आपल्या लोकांची घरे, वाड्या आणि घाणे त्या बाजूला होते.

आता कामाचे. ज्यांच्या घरी १९७० पूर्वीची कोकणातील चित्रे आहेत, त्यांनी ती मंगळवारी संध्याकाळच्या तफिल्यानंतर सभागृहात आणावीत. मोठे टेबल मांडलेले असेल, चहाची सोय आहे. अल्बममधून फोटो उचकटू नयेत, अल्बमसकट आणावे. मागे लिहायचे ते मऊ पेन्सिलीने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई कालांतराने पाझरते. माणसांची नावे डावीकडून उजवीकडे लिहावीत, आणि मराठीत लिहावीत, कारण हिब्रूत ती उलट्या बाजूने वाचली जातील आणि आत्याची मावशी होईल. समुद्र चित्रात नसला तरी तो कोणत्या बाजूला होता ते लिहावे. ज्यांच्याकडे एकही चित्र नाही, त्यांनी रिकाम्या हाताने यावे. कागद ठेवलेला असेल. त्यावर घर, विहीर, वाडीची वाट, घाणा आणि मागचे दार हाताने काढून द्यावे. ज्यांना जिना चढवत नाही त्यांच्या घरी मी स्वतः येईन. शब्बाथ सोडून कोणत्याही दिवशी.